जुन्या इंजिनांच्या वेड्यांनो, इकडे या!

घाटबँकर

राम राम मंडळी. रेल्वेवर आपल्याकडे रोज काहीतरी लिहिलं जातं, पण ते बहुतेक तत्काळ तिकिटं, लेट गाड्या आणि पाणचट चहाच्या नावानं बोटं मोडायला. त्यासाठी वेगळे धागे आहेत, तिकडे यथेच्छ मोडा. इथे फक्त इंजिनं. त्यातही जुनी. निवृत्त होऊन स्टेशनाबाहेर उभी केलेली, नाहीतर कुणीतरी हट्टानं पुन्हा पेटवलेली.

निमित्त सांगतो. सीएसएमटीला १८ नंबर फलाटाच्या बाहेर हेरिटेज गल्ली आहे. तिथे ‘सर लेस्ली विल्सन’ उभं आहे. १९२८ सालचं विजेचं इंजिन, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं बोरघाटातल्या मालगाड्यांसाठी आणलेलं. नाव तेव्हाच्या मुंबईच्या गव्हर्नरचं. मध्ये उंच केबिन आणि पुढे-मागे लांबलचक नाकाडं, म्हणून या ठेवणीच्या इंजिनांना जगभर ‘क्रोकोडाइल’ म्हणतात. तर तिथे एक आजोबा नातीला सांगत होते, “बघ, विजेवर चालतं, तरी याच्या चाकांना वाफेच्या इंजिनासारख्या दांड्या आहेत. का असतील?” नातीनं अर्थातच खांदे उडवले. मग आजोबा सुरू झाले. तेव्हाच्या मोटारी इतक्या अवजड की चाकांच्या मध्ये मावायच्याच नाहीत. त्या वर नाकाडात बसवल्या आणि त्यांची ताकद या दांड्यांनी चाकांपर्यंत खाली आणली. चार मोटारींची मिळून २६०० अश्वशक्ती. हे सांगताना आजोबांचे दोन्ही कोपर दांड्यांसारखे गोल फिरत होते आणि तोंडानं आवाजही चालू होता. मग नातही कोपर फिरवायला लागली. हळूहळू घोळका जमला. एक ऑफिसवाले गृहस्थ घड्याळ बघत म्हणाले, “जाऊ दे, पुढची लोकल पकडतो. ते नाकाडाचं परत सांगा.”

माझा प्रश्न एवढाच. तुम्हाला हे वेड कुणी लावलं, आणि कुठल्या इंजिनानं? ज्यांना लागलेलंच नाही त्यांनीही लिहा, थोडा विरोधी पक्षही हवा.

मीच ती

विरोधी पक्ष हजर आहे.

आम्ही मधुचंद्राला माथेरानला गेलो. मी समजले, थंड हवा खायला चाललोय. आणि हा माणूस नेरळला मांडून ठेवलेल्या वाफेच्या इंजिनाखाली मान वाकडी करून चाकं बघत बसला. नवी कोरी पँट, गुडघ्यांना काळं. मी बाकावर, हातावर मेंदी आणि मांडीवर दोघांच्या बॅगा. शेजारच्या बाईंनी विचारलं, “रेल्वेत आहेत का हो?” म्हटलं, नाही हो, विम्यात आहेत.

आता गंमत अशी की इतकी वर्षं ऐकून मलाच सगळं पाठ झालंय. ती इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कॉपेल कंपनीची, लाइन १९०७ साली सुरू झाली, आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून. रूळ जेमतेम दोन फुटांचे आणि वळणं अशी की नेहमीचं सहा चाकांचं इंजिन तिथे अडकूनच बसेल. म्हणून पुढच्या आणि मागच्या आसाला बाहेरून पोकळ नळी, आत खरा आस. नळी थोडी तिरकी होते, चाकं वळणात शिरतात, आणि दांड्या मात्र सरळच राहतात. क्लाइन-लिंडनर पद्धत म्हणतात तिला. भिशीत मी हे एकदा बोलून गेले आणि सगळ्याजणी माझ्याकडे बघत राहिल्या.

घाटबँकर

@मीच ती, ताई, तुम्ही विरोधी पक्ष नाही. तुम्ही कधीच फुटून आमच्यात आलात.

कोळसेवाली

धागा वाचून राहवलं नाही. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली. आमचे बापू वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, पुढे ड्रायव्हर झाले. वेड कुणी लावलं वगैरे प्रश्न आमच्या घरात नव्हताच. घरात साबणाच्या वडीलाही कोळशाचा वास असायचा.

रात्री-अपरात्री ड्यूटीवर बोलवायला कॉलबॉय यायचा, कडी वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा. आई उठून डबा बांधायची. बापूंचा लोखंडी लाइन बॉक्स दाराशी कायम तयार. ते गेले की मी परत झोपायचे नाही, कारण थोड्या वेळानं यार्डातून शिट्टी यायची आणि ‘ही बापूंची’ असं आई ठामपणे सांगायची. खरं-खोटं तिलाच ठाऊक.

लोकांना वाटतं, फायरमन म्हणजे नुसता कोळसा लोटणारा गडी. बापूंना याचा फार राग. ते म्हणत, कोळसा कुणीही टाकेल, आग लावता आली पाहिजे. फायरबॉक्समध्ये फावडं कुठल्या कोपऱ्यात रिकामं करायचं, मध्ये थर पातळ आणि कडेला जाड कसा ठेवायचा, चढ येण्याआधी किती आधी तयारी करायची, हे सगळं धावत्या, थडथडणाऱ्या इंजिनावर. सिलिंडरमधून बाहेर पडणारी वाफ धुराड्यातून जोरात वर फेकली जाते आणि जाता जाता आगीतून हवा ओढून घेते. त्यामुळे इंजिन जितकं जोर लावेल तितकी आग आपोआप भडकते. तुम्ही ज्याला भकभक म्हणता तो हाच श्वास. दोन सिलिंडरच्या इंजिनाचे चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके. बापू घरात बसून, लांबच्या गाडीचे ठोके ऐकून सांगायचे, “याचा एक ठोका पांगळा आहे, व्हॉल्व्ह बघायला हवा.”

आणि पाण्याची धास्ती. काचेच्या नळीत पाणी दिसलंच पाहिजे. फायरबॉक्सच्या माथ्यावरचं पाणी कमी झालं तर तिथला शिशाचा बूच वितळतो आणि वाफ थेट आगीत शिरते. बॉयलर फुटू नये म्हणूनच ती सोय. पण ज्याच्या हातून बूच वितळला त्याला कॉलनीत तोंड दाखवायची सोय राहत नसे.

आता खास खानदेशी गोष्ट. लाइनवर असताना फावडं वाफेच्या पाण्यानं स्वच्छ धुवायचं, त्यावर वांगी ठेवायची, आणि फायरबॉक्सच्या दाराशी धरायची. आत घातली की राख, दाराशी धरली की भरीत. आईला हे कधी आवडलं नाही, कारण बापू तिच्या चुलीवरच्या भरताला आयुष्यभर “बरंय, पण तो वास नाही” म्हणत राहिले.

अल्कोभक्त

कोळसेवाली, _/\_ काय लिहिलंय!

मी तेविशीतला. ब्रॉडगेजवरची शेवटची नियमित वाफेची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये पंजाबात फिरोजपूर-जालंधर मार्गावर धावली, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीच सगळं संपलं होतं. त्यामुळे माझं ‘स्टीम’ म्हणजे अल्को डिझेल, अल्को या अमेरिकी कंपनीच्या घराण्यातली इंजिनं. हसा, चालेल.

आम्ही रत्नागिरीचे. कोकण रेल्वेवर २०२२ ला पूर्ण वीज आली, त्याआधी सगळी डिझेलं. कल्याण शेडची, पुणे शेडची. कल्याण-पुण्याची अल्को फलाटावर उभी असली की तिची धडधड फलाटाच्या लादीतून पायाला लागायची. गाडी सुटताना ड्रायव्हरनं पटापट नॉच (ताकदीचे टप्पे) वाढवले की काळ्याकुट्ट धुराचा लोट. कारण डिझेल लगेच जास्त शिरतं आणि टर्बोला (इंजिनात हवा ढकलणाऱ्या पंख्याला) वेग घ्यायला वेळ लागतो, तोवर हवा कमी पडते. पर्यावरणवाल्यांनी कान बंद करा, पण त्या धुरात आम्ही फलाटावर टाळ्या वाजवल्यात. शेजारची मावशी म्हणाली, “काय झाला? मंत्री इलो काय?”

या घराण्याचं मूळ इंजिन डब्ल्यूडीएम-२. १९६२ मध्ये अमेरिकेहून पहिली आली, मग वाराणसीला बनायला लागली. गंमत म्हणजे अमेरिकेतली अल्को कंपनी १९६९ लाच बंद पडली, पण तिच्या इंजिनाचा आवाज आपल्याकडे अर्धं शतक उरला.

तर जुनं कशाला म्हणायचं, हे ज्येष्ठांनी ठरवावं. आमची अल्को या धाग्यात बसते की नाही?

तिन्ही गेज मिरज

बसतीय की! दामटून बसव. आमच्या मिरजेत तर सगळंच बसत होतं.

पोरांनो, तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही, पण मिरज जंक्शनात एका काळी तिन्ही गेजच्या गाड्या होत्या. पुण्याकडनं ब्रॉडगेज, बेळगाव-हुबळीकडं मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडं ती आमची बार्शी लाइटची छोटी. दोन आठवड्यांच्या शाळेच्या सुट्टीत मी घरी फक्त जेवायला जायचो. मीटरगेजचं वायपी इंजिन फलाटावर येऊन वाफ सोडायचं त्या वेळी पुढं उभं राहायचं आन् चड्डी भिजवून घ्यायची, हा आमचा वॉटर पार्क.

बार्शी लाइट रेल्वेचा जनक एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. या गड्याबद्दल मी तासभर बोलू शकतो, पण थोडक्यात आवरतो. त्याचं म्हणणं, अडीच फुटी रूळ असले म्हणून गाडी खेळण्यातली कशाला असावी? रूळ हलके ठेवा, पण वजन सगळ्या आसांवर सारखं वाटा, एका आसावर पाच टनांच्या वर जाऊ देऊ नका. मग हलक्या रुळांवरनंही मोठ्ठे डबे आणि दांडगी इंजिनं चालतात. आधी लीड्सजवळ चाचणीची लाइन टाकून लोकांना दाखवलं, मग १८९७ ला बार्शी रोड म्हणजे आताचं कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. लातूर ते मिरज सव्वातीनशे किलोमीटर, अडीच फुटी रुळांवर! वारीच्या दिवसांत तर डब्याचं छप्पर दिसायचं नाही, माणसंच माणसं. इंजिनावर सुद्धा टाळकरी.

आणि हाच कॅल्थ्रॉप पुढं पॅराशूट करायला लागला. पहिल्या महायुद्धाच्या वेळी त्याच्या पॅराशूटचं नाव ‘गार्डियन एंजल’. इंजिनवाला माणूस, डोकं कुठं चालंल सांगता येत नाही.

कोळसेवाली

@तिन्ही गेज मिरज, चड्डी भिजवण्यावरून आठवलं. बापू मुद्दाम सिलिंडरचे कॉक उघडायचे, फलाटावरच्या पोरांना पळवायला. म्हणजे तिकडेही कुणीतरी हसत होतं बरं.

वऱ्हाडी पाव्हणा

आमच्या शकुंतला गाडीले विसरले काय बाप्पा?

मूर्तिजापूरहून इकडे यवतमाळ, तिकडे अचलपूर. अडीच फुटीच. इंग्रजाच्या किलिक निक्सन कंपनीनं कापसासाठी टाकली, आन् देश स्वतंत्र झाला तरी मालकी त्यायच्याच कंपनीकडे रायली. मँचेस्टरले बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं. मंग डिझेल आलं. आता तर गाडीच बंद आहे, रुळावर गवत.

माया आजोबाचं शेत लाइनीले लागून. गाडी इतकी निवांत जाये का लोकं उतरून बोरं तोडत आन् पुढच्या डब्यात चढत. गार्डच तिकीट फाडे. आजोबा इंजिनाले हात दाखोवत, डायवर शिट्टी देये. त्यायची कधी भेट झाली नसंल, नाव बी माहीत नसंल एकमेकाचं, पण आजोबा आजारी पडले तवा डायवरनं शेताजवळ गाडी हळू करून गड्याले विचारलं, “बुढा कुठी गेला?”

मी आज बँकेत आहो, पण मोबाइलची रिंग कोणाची असंल, सांगा बरं.

मीच ती

ह्यांची पण तीच आहे. मीटिंगमध्ये वाजते.

टीजकाठची

मी इंग्लंडच्या ईशान्येला राहते, डार्लिंग्टनजवळ. जगातली पहिली वाफेची सार्वजनिक रेल्वे १८२५ मध्ये इथूनच धावली, स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे म्हणतात तिला, त्यामुळे गावात विषयाला तोटा नाही. शनिवारी मी एका हेरिटेज रेल्वेवर स्वयंसेवक म्हणून जाते. पगार शून्य, उलट बूट आणि डांगरी आपल्याच पैशानं. सुरुवात सगळ्यांचीच ‘क्लीनर’ म्हणून होते. हातात तेलकट चिंधी, समोर चाक. वर्ष-दोन वर्षं पुसापुशी केल्यावर परीक्षा, मग फायरमन, मग खूप पुढे ड्रायव्हर. माझ्या टोळीत एक निवृत्त न्यायाधीश आहेत, एक नर्स, एक शाळकरी पोरगा. न्यायाधीशांना तो पोरगा ओरडतो, कारण तो त्यांच्या आधी पास झालाय.

इकडच्या वेडाची दोन उदाहरणं देते, म्हणजे आपण किती सौम्य आहोत ते कळेल.

पहिलं, बॅरीचं भंगारगोदाम. ब्रिटिश रेल्वेनं ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरची वाफ बंद केली. त्याआधीची काही वर्षं शेकडो इंजिनं भंगारात निघत होती. वेल्समधल्या बॅरी गावच्या डाय वुडहॅम यांनीही ढिगानं घेतली. पण त्यांच्या माणसांना जुने वॅगन तोडणं सोपं पडायचं, म्हणून आधी वॅगन तोडले आणि इंजिनं मागे ठेवली. ती समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गंजत उभी राहिली. मग इंजिनवेडे यायला लागले. कुणी वर्गणी काढली, कुणी गहाण ठेवलं, आणि एकेक करत तिथून २१३ इंजिनं सोडवून नेली. आज इथल्या हेरिटेज लाइनींवर जी इंजिनं धावतात त्यातली कितीतरी बॅरीची. आमच्याकडे ‘हे बॅरीचं’ असं म्हणताना लोकांचा सूर बदलतो.

दुसरं, टॉर्नेडो. ए-वन वर्गाचं एकही इंजिन भंगारातून वाचलं नव्हतं. तर या लोकांनी काय करावं? जुने आराखडे शोधून नवंच बनवलं! महिन्या-महिन्याच्या छोट्या वर्गण्या. आवाहन असं की आठवड्याला एका बिअरच्या ग्लासाचे पैसे द्या. एवढा मोठा बॉयलर इंग्लंडात कुणी बनवेना, तो जर्मनीतल्या मायनिंगेनहून आणला. २००८ मध्ये डार्लिंग्टनला ते पेटलं. सुमारे तीस लाख पौंड खर्च. माझ्या शेजारच्या आजी दर महिन्याला पैसे भरत होत्या. ते पहिल्यांदा हललं तेव्हा त्यांनी मला फोनवर काही सांगायचा प्रयत्न केला, पण मला नुसतं हसू ऐकू आलं, बराच वेळ.

माथेरानवाल्यांना एक बातमी. तुमच्या चार इंजिनांपैकी ७४० नंबरचं इथे लेटन बझर्डच्या नॅरोगेजवाल्यांकडे आहे. आमच्या गटातल्या लोकांना ‘मॅदरॅन’ म्हणू नका, ‘माथेरान’ म्हणा, हे शिकवण्यात माझा एक अख्खा चहा गेला.

अल्कोभक्त

@टीजकाठची, तुमच्याकडचा तो फ्रान्सिस बुर्ज्वा! कपाळावर कॅमेरा बांधून गाड्या बघतो आणि भोंगा वाजला की उड्या मारतो. २०२१ मध्ये त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. माझ्या बहिणीला इंजिनांचं काडीचं कौतुक नव्हतं, पण त्याला हसताना बघून ती हसायला लागली, आणि आता मला विचारते, “हा भोंगा कुठल्या शेडचा?” मी इतकी वर्षं चार्ट काढून समजावत होतो, कधी ढुंकून बघितलं नाही!

शंकासुर

सगळं वाचलं. छान लिहिताय. पण एक विचारू? या इंजिनांवर, या लाइनींवर किती माणसं मेली, याचा उल्लेख कुणाच्याच बोलण्यात नाही. बोरघाट फोडताना हजारो मजूर पटकीनं आणि तापानं गेले. आपण दांड्यांचं कौतुक करतो. फायरमनचं फुफ्फुस कसं होतं, हेही विचारा.

कोळसेवाली

विचारा ना, मी सांगते. बापूंना शेवटी शेवटी दम लागायचा. उन्हाळ्यात भुसावळची हवा ४५ अंशांची आणि समोर उघडी आग. डिझेल आलं तेव्हा कॉलनीत पेढे वाटले होते लोकांनी, बापूंनीही. वाफेवर प्रेम होतं, तरी कुणाला परत फावडं नको होतं. दोन्ही खरं आहे आणि ते एकमेकांना छेद देत नाही. किमान आमच्या घरात तरी देत नव्हतं.

घाटबँकर

शंकासुर, मुद्दा रास्त आहे, आणि बोरघाट निघालाच आहे तर एक नाव सांगतोच. ॲलिस ट्रेडवेल. घाटाचं कंत्राट तिचा नवरा सॉलोमन ट्रेडवेल याला मिळालं. १८५९ मध्ये तो मुंबईला उतरला आणि काही आठवड्यांतच आजारानं गेला. ही बाई परत गेली नाही. कंत्राट तिनं आपल्या नावावर चालवलं, हाताखाली इंजिनिअर नेमले, आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. ३७ फुटांना एक फूट असा चढ. वाफेच्या इंजिनांची तिथे दमछाक व्हायची. खंडाळ्याजवळ तर गाडीला उलट दिशा घ्यावी लागायची, ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ पर्यंत होतं. त्याच सुमारास कल्याण-पुणे वीज आली, आणि म्हणूनच वरचं ‘सर लेस्ली विल्सन’ आलं. उभं असताना हे इंजिन कण्हल्यासारखा आवाज करायचं आणि धावताना दांड्यांचा सपसप आवाज यायचा, असं जुने लोक सांगतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या वर्गाची इंजिनं मुंबईत शंटिंग करत होती. म्हणजे इथल्या काही काकांनी ती कुरकुर नक्की ऐकली असणार. हात वर करा!

दादरचा काका

हात वर. दादरच्या पुलावरून बघायचो. दांड्या फिरताना बघितल्या की गुंगी यायची. कॉलेजचं पहिलं लेक्चर कायम बुडायचं.

नवखी

मला कुणी सांगेल का, मुंबई-ठाणे पहिल्या गाडीची साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनं आता कुठे बघायला मिळतील? मुलाला प्रोजेक्ट आहे.

घाटबँकर

दुर्दैवानं एकही उरलेलं नाही. ती इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची होती. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. पण मुलाला त्याआधीची गोष्ट सांगा. १८५२ मध्येच भायखळ्याला बांधकामासाठी ‘लॉर्ड फॉकलंड’ नावाचं इंजिन आणलं होतं. ते नुसतं पुढे-मागे करायचं, डबे-बिबे प्रवासी कुणी नाही. तरी बघायला मुंबई लोटायची. म्हणजे गाडी सुरू व्हायच्या आधीच बघ्यांचा धंदा सुरू झाला होता.

चालतं इंजिन बघायचं असेल तर हरियाणात रेवाडीला जा. १८९३ ची शेड, २०१० पासून हेरिटेज म्युझियम. १८५५ सालचं ‘फेअरी क्वीन’ तिथलंच. १९०९ मध्ये निवृत्त झालेलं ते इंजिन १९९७ मध्ये पुन्हा धावलं आणि जगातलं सगळ्यात जुनं चालू इंजिन म्हणून गिनीज बुकात गेलं. शिवाय ‘अकबर’ बघा. डब्ल्यूपी वर्ग, बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार नाक आणि त्यावर तारा. मुलं त्याच्यापुढे गप्प होतात, मोठे गप्प होत नाहीत.

सूर्यमुखी

दार्जिलिंगचं कुणीच कसं लिहिलं नाही? तिथल्या छोट्या निळ्या बी-क्लास इंजिनाच्या नाकावर दोन माणसं बसलेली असतात. रूळ ओले झाले आणि चाकं घसरायला लागली की ती हातानं रुळावर वाळू टाकतात. मूठ उघडायची, मिटायची, अगदी रांगोळी घातल्यासारखी. आमच्या डब्यातली सगळी मंडळी खिडकीतून डोकं काढून त्यांनाच बघत होती, कांचनगंगा मागे एकटी.

तिन्ही गेज मिरज

आता नुसत्या गप्पा पुरं झाल्या. भेटायचं कुठं? मी म्हणतो कर्जत. गाडीला घाट चढताना मागनं ढकलायची जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लागतात ते फलाटावर उभं राहून दिसतंय, रुळात उतरायची गरज नाही. (उतरणाऱ्याला मी स्वतः बडवीन. व्हिडिओसाठी रुळावर जाणारे रेलफॅन नव्हेत, नुसते येडे.)

घाटबँकर

कर्जत पक्कं. सकाळी पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या एकामागोमाग असतात. बँकर येऊन मागे टेकतात तो ‘ठक्’ ऐकायला शेवटच्या डब्याशी उभे राहा. फलाट तिकीट काढून या. तारीख पावसाळ्यानंतरची ठरवू, घाटातलं धुकं कमी झालं की.

अल्कोभक्त

मी येतो, बहीण पण येतेय. पण तिथे सगळी विजेचीच इंजिनं ना? :( एखादी अल्को दिसली तर मी नाचणार, आधीच सांगतोय.

वऱ्हाडी पाव्हणा

मी बी येतो. विदर्भ एक्सप्रेसनं कल्याणले उतरतो. कर्जतचा वडापाव माया नावानं राखून ठेवजा.

मीच ती

आम्हीही येतोय. ह्यांनी आत्ताच डबल लेन्सचा कॅमेरा कपाटातून काढलाय. कोळसेवाली ताई, तुम्ही याल का? भरीत मी करून आणते. गॅसवरचंच आहे, बापूंच्या फावड्याची सर येणार नाही.

कोळसेवाली

येते. वांगी मी जळगावहून आणते, हिरवी, काटेरी. तुमच्या वांग्यांचं भरीत करू नका, त्याला आमच्याकडे भाजी म्हणतात.